आधी काम, मग शिकाऊ

नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या पदवीत इंटर्नशिपचा हिशेब तासांत मांडतात. एका क्रेडिटला ३० तास, चार क्रेडिटना १२० तास. आठ तासांचा दिवस धरला तर हे पंधरा दिवस होतात. ते कुठे काढायचे, हा प्रश्न पुण्यात किंवा हैदराबादेत कसाबसा का होईना, सुटतो. तेलंगणातल्या आदिलाबादेत तो सुटत नाही. येथे विद्यार्थी आहेत आणि महाविद्यालयेही आहेत, पण पोराला शेजारी बसवून काही शिकवू शकेल असे मालक फार थोडे आहेत. अभ्यासक्रमाने मागणी निर्माण केली आणि पुरवठा कोण करणार याचा विचार कोणी केला नाही. अशी पोकळी कधीच रिकामी राहत नाही. ती कशाने भरते आहे, हे वेळीच पाहायला हवे.

आधी जिल्हा पाहू. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. सिंगरेणीच्या कोळसा खाणी मंचिर्याल आणि आसिफाबादच्या वाट्याला गेल्या. कागजनगरची सिरपूर पेपर मिल, जी २०१४ मध्ये बंद पडून २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही आसिफाबादकडे गेली. बासरचे राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, ज्याला सगळे ट्रिपल आयटीच म्हणतात, निर्मलकडे गेले. आदिलाबादकडे उरले कापूस, जिनिंग, सरकारी कचेऱ्या, बँका, कपड्यांची नि मोबाइलची दुकाने आणि रिम्सचे मोठे रुग्णालय. आदिलाबादेत ‘सीसीआय’ दोन आहेत. एक सिमेंट कॉर्पोरेशन, जिचा कारखाना गेल्या शतकाच्या अखेरीपासून बंद आहे आणि जो प्रत्येक निवडणुकीत भाषणापुरता सुरू होतो. दुसरे कॉटन कॉर्पोरेशन, ज्याच्या खरेदी केंद्रावर दर हंगामात गाड्यांची रांग लागते. जिल्ह्याचे अर्थकारण या दोन सीसीआयंमध्ये जवळजवळ पूर्ण सांगून होते.

शिकाऊ उमेदवारांच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे असतात. ही अट पिंपरीच्या किंवा पटानचेरूच्या कारखान्यांना लागते. आदिलाबादच्या बाजारपेठेत तीस माणसांच्या खाली राहणारी दुकानेच जास्त आहेत. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला कायद्याचे संरक्षण सगळ्यांत जास्त हवे, त्याच्या गावात कायदा लागू होईल अशी जागाच दुर्मीळ.

मग १२० तास भरतात कसे? पहिली वाट कागदाची. ऑनलाइन ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’ घ्यायची, काही व्हिडिओ पाहायचे, एक चाचणी द्यायची, फी भरायची आणि सर्टिफिकेट छापून आणायचे. शेजारच्या आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये पदवीला दहा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची केली, तेव्हापासून अशा सर्टिफिकेटांचा बाजार दोन्ही तेलुगू राज्यांत तेजीत आहे. येथे व्यवहार पुरता उलटा झालेला दिसतो. कामाचे पैसे मिळायचे तर दूरच, काम केल्याच्या दाखल्यासाठी विद्यार्थीच पैसे मोजतो. प्राध्यापकांना हे कळत नाही असे नाही. पण पन्नास मुलांच्या वर्गाला पन्नास जागा शोधून देण्याचे काम त्यांच्या माथी मारलेले असते, त्यासाठी ना वेळ दिलेला असतो ना प्रवासभत्ता. ते सही करतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बहुधा केली असती.

दुसरी वाट काउंटरची. सणासुदीला कपड्याच्या दुकानाला किंवा मॉलला माणसे कमी पडतात. तेथे मुलगा उभा राहतो, घड्या घालतो, बिले करतो आणि त्याला ‘रिटेल मॅनेजमेंट’चा अनुभव मिळाल्याचे पत्र मिळते. या कामात कमीपणा नाही. पण हेच काम कालपर्यंत बेला किंवा जैनदच्या एखाद्या बारावी पास मुलाला पगार देऊन दिले जात होते. आता तेच काम करणारा पगार मागत नाही, कारण त्याला क्रेडिट हवे आहे. त्या बारावी पास मुलाची नोकरी गेली, याची नोंद मात्र कुठल्याही अहवालात होत नाही.

माझी मुख्य भीती हीच आहे. इंटर्नशिप वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. पण जेथे मुळातच काम थोडे आहे, तेथे शिकाऊ उमेदवारी नोकरीकडे नेण्याऐवजी नोकरीचीच जागा घेते. शिडीची सगळ्यांत खालची पायरी काढून तिच्या जागी प्रशिक्षण ठेवले जाते. वर चढणाऱ्याला वाटते पाय ठेवायला जागा झाली. प्रत्यक्षात दर सहा महिन्यांनी नवा पाय येतो आणि कोणीच वर जात नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. महाराष्ट्रात याचा मोठा प्रयोग होऊन गेला आहे आणि तो आदिलाबादच्या तरुणांनी पैनगंगेच्या अलीकडून पाहिला आहे. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,००० रुपये, आयटीआय आणि पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, सहा महिने. वर्षाला दहा लाख तरुणांचे उद्दिष्ट आणि ५,५०० कोटींची तरतूद. लोकांनी तिचे नाव ‘लाडका भाऊ’ ठेवले. सीमेपलीकडे केळापूर, झरी जामणी, किनवटला तरुण शाळेत, पंचायतीत, तहसिलीत रुजू झाले. सीमेअलीकडच्या मराठी घरांतल्या मुलांना ते पाहून हळहळ वाटली. भाषा एक, सोयरिकी एक, बाजार एक; पण योजना अधिवासाच्या दाखल्यावर चालते आणि दाखला तेलंगणाचा.

पुढे काय झाले ते पाहिल्यावर ही हळहळ राहत नाही. सहा महिने सरले आणि प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. आम्हाला कायम करा, निदान मुदत वाढवा. मुदत पाच महिन्यांनी वाढली. अकरा महिने सरले, पुन्हा मोर्चे. ही मागणी अवाजवी होती असे सरकारी बाजूने सांगितले गेले, कारण हे प्रशिक्षण होते, नोकरी नव्हती. कागदावर ते खरेच आहे. पण शाळेत वर्गावर उभे राहणे, पंचायतीत संगणकावर दाखले काढणे, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसणे ही कामे सहा महिन्यांनी संपणारी नाहीत. काम कायम आणि माणूस तात्पुरता असेल, तर त्याला प्रशिक्षण म्हणणे ही फसवणूक आहे. सरकारने ती जाणूनबुजून केली असे नाही. रिक्त पदे भरण्यापेक्षा विद्यावेतन देणे सोपे पडते, एवढेच.

केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षीची. ३ ऑक्टोबर २०२४ ला तिचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुण, महिना ५,००० रुपये, त्यात सरकारचे ४,५०० आणि कंपनीचे ५००, शिवाय एकदाच ६,००० रुपये. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती नव्हतीच. २१ ते २४ वयाच्या, शिक्षण संपलेल्यांसाठी होती. पहिल्या फेरीत कंपन्यांनी ८२ हजारांवर प्रस्ताव दिले. सुमारे २८ हजार उमेदवारांनी ते स्वीकारले. प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारांहून कमी. दिल्लीत या गळतीची कारणे शोधली गेली तेव्हा ठिकाण, कामाचे स्वरूप आणि बारा महिन्यांची मुदत पुढे आली. आदिलाबादेत बसून याचे आश्चर्य वाटत नाही. हैदराबाद येथून तीनेकशे किलोमीटर. तेथे खोलीभाडे, मेस आणि जाणे-येणे पाच हजारांत बसत नाही, हे उटनूरच्या वसतिगृहात वाढलेल्या गोंड मुलालाही ठाऊक आहे. उरलेले पैसे घरून आणायचे. ज्याच्या घरी ते आहेत त्याला या योजनेची गरज नाही. ज्याला गरज आहे त्याला ती परवडत नाही.

आता कायद्याकडे वळू. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्यात लेखी करार आहे, ठरलेले किमान विद्यावेतन आहे, परवानगीशिवाय जादा तास काम करून घेण्यास मनाई आहे, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. पदवीधर आणि पदविकाधारकांच्या राष्ट्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार उचलते. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतर गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊला भरतीत प्राधान्य द्यावे. नोकरीची हमी नाही, पण माणसाला थोडा आधार आहे. याच कायद्याचे कलम १८ मात्र शिकाऊला कामगार मानत नाही आणि कामगार कायदे त्याला लावत नाही. दार अर्धे उघडे, अर्धे बंद.

आणि इंटर्न? त्याच्यासाठी देशात स्वतंत्र कायदाच नाही. तो शिकाऊही नाही आणि कामगारही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू होतो, हे प्रत्येक मुलीला आणि तिच्या पालकांना माहीत असले पाहिजे. त्यापलीकडे वेतन, तास, अपघात, तक्रार या सगळ्याचा भरवसा मालकाच्या सज्जनपणावर. सज्जन मालक असतातच. पण सज्जनपणावर विसंबून व्यवस्था उभी करता येत नाही.

या मोकळ्या जागेत काय उगवते, ते चाकण आणि वाळूजमध्ये दिसले. तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये ‘नीम’ ही रोजगारक्षमता वाढवण्याची योजना आणली, २०१७ मध्ये नियम आणखी सैल केले. तीन महिने ते तीन वर्षे प्रशिक्षण, अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके मानधन, पण भविष्यनिर्वाह निधी नाही, कामगार म्हणून हक्क नाहीत. मध्ये एजंट कंपन्या आल्या. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत असेंब्ली लाइनवर ‘नीम ट्रेनी’ उभे राहिले आणि बाहेरून पाहणाऱ्याला कंत्राटी कामगार आणि ट्रेनी यांतला फरक गणवेशाच्या रंगावरून सांगावा लागे. कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे ओरड केली. शेवटी परिषदेने योजना गुंडाळली. ती कोणी आणली होती? कामगार खात्याने नव्हे, शिक्षणाच्या नियामकाने. शिक्षणाच्या नावाने आलेल्या स्वस्त मजुरीवर कामगार निरीक्षकाची नजर पडत नाही, कारण ती त्याच्या खात्यातच येत नाही. चीनमध्ये २०१७ साली झेंगझोऊच्या आयफोन कारखान्यात शाळकरी इंटर्न दिवसाला अकरा तास राबताना आढळले, तेव्हाही मुलांचे म्हणणे हेच होते की शाळेने दाखल्यासाठी ही कामाची अट घातली आहे.

आदिलाबाद शहरात विद्यार्थी खरोखर मोठे काम करतात अशी एक जागा आहे. ती म्हणजे रिम्स. २००८ मध्ये सुरू झालेल्या या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किनवट-पांढरकवड्याकडच्या मराठी रुग्णांनाही जवळचे. एमबीबीएसनंतरचे सक्तीचे वर्ष करणारे इंटर्न येथे रात्रपाळ्या करतात, जखमा शिवतात, बाळंतिणींपाशी थांबतात. येथे प्रशिक्षण खरे आहे, कारण कोणत्या विभागात किती आठवडे हे ठरलेले आहे आणि वर शिकवणारा डॉक्टर नेमलेला आहे. २०२३ मध्ये तेलंगणाने इंटर्नचे विद्यावेतन महिना २५,९०६ रुपये केले. तरी जून २०२४ मध्ये राज्यभरच्या कनिष्ठ डॉक्टरांना संपावर जावे लागले. मुख्य मागणी वाढीची नव्हती. ठरलेले पैसे दर महिन्याला वेळेवर द्या, ही होती. ज्यांच्या खांद्यावर रुग्णालय उभे आहे आणि ज्यांची संघटना भक्कम आहे, त्यांचे पैसे जर असे रखडतात, तर संघटना नसलेल्या बीकॉमच्या मुलीने दुकानदाराकडे दोन हजार कसे मागायचे?

या जिल्ह्याला शिकता शिकता कामाला लागण्याची परंपरा नाही असे नाही, आणि ती मराठी वाचकांना जवळची आहे. १९४० मध्ये गोंड नेता कुमरम भीमचे बंड गोळ्यांनी दडपल्यावर निजाम सरकारने आदिवासींच्या प्रश्नाचा अभ्यास करायला मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाठवले. ते मारलावाई या गोंड गावात राहिले. गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता कुमरम भीम आसिफाबादमध्ये आहे. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. थोडीफार अक्षरओळख असलेल्या गोंड तरुणांना तयार करायचे आणि त्यांच्याच गावांत शाळा काढून तेथे नेमायचे. प्राथमिक पुस्तके गोंडीत पण देवनागरी लिपीत काढली, कारण या भागात व्यवहार मराठीत चाले. पुढे गॅझेटियरचे संपादक आणि इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी त्या काळात याच जिल्ह्यात अधिकारी होते. ते गोंडी शिकले आणि त्यांनी तिचे व्याकरण लिहिले.

मारलावाईचे प्रशिक्षण कागदावर फारसे भव्य नव्हते. पण त्यात एक गोष्ट उलट्या क्रमाने होती, म्हणजे योग्य क्रमाने. काम आधी ठरलेले होते: गावात शाळा हवी, शिक्षक नाही. मग त्या कामासाठी माणूस शोधला, शिकवला, नेमला, पगार दिला. आज आपण माणसे आधी रांगेत उभी करतो, तास मोजतो, आणि काम मिळेल ते मिळेल म्हणतो.

साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनीही हाच क्रम धरला होता. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेव्हा विद्यार्थ्यांचे काम संस्थेच्याच शेतात आणि बांधकामावर होते. ते खरे काम होते, संस्थेला लागणारे होते आणि त्यातून विद्यार्थ्याचा खर्च निघत होता. पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. अमेरिकेत १९६४ पासून केंद्र सरकारच्या मदतीने विद्यार्थ्यांना ग्रंथालयात, प्रयोगशाळेत काम मिळते, पण किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही. पैसे थोडे असले तरी चालतील, शून्य नसावेत, आणि मालक कोण आहे हे स्पष्ट असावे.

आदिलाबादेत असे काम आहे का? आहे, आणि ते डोळ्यांसमोर आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कापसाचा हंगाम. कॉटन कॉर्पोरेशन ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते आणि १२ टक्क्यांपर्यंत कापत कापत खरेदी करते. दर वर्षी भांडणे ओलावा मोजण्यावरून होतात. २०२५ च्या हंगामात विक्रीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर आधारनोंदणी आणि स्लॉट घेणे आले. ज्याच्या हातात साधा फोन आहे, ज्याला तेलुगू वाचता येते पण ॲप चालवता येत नाही, किंवा ज्याला फक्त मराठी येते, असा शेतकरी नेमका कुणापाशी जाणार? मार्केट यार्डात, खरेदी केंद्रावर, जिनिंगच्या हिशेबखात्यात वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलामुलींना तीन महिने, दिवसाचे चार तास, किमान वेतनाच्या दराने लावले, तर काम खरे असेल, हंगामी असेल, कोणाची कायम नोकरी हिरावणार नाही आणि मुलीला ओलावामापक कसा चालतो हे कळेल. तीन भाषा बोलणारी सीमाभागातली पोरे ही येथे अडचण नाही, भांडवल आहे. जिनिंगचे मालक कुरकुर करतील. त्यांना कुरकुर करू द्यावी. हंगामात ते हमाली रोखीने देतातच.

यासाठी क्रेडिटचे तास हंगामाप्रमाणे हलवावे लागतील. सेमिस्टर आधी की कापूस, हा वाद विद्यापीठाच्या सभेत होईल. होऊ द्या.

तोवर एक साधी गोष्ट प्राचार्य आणि पालक दोघांनाही करता येईल. पंधरा दिवस असोत की सहा महिने, मुलाला कुठेही पाठवण्याआधी एका पानाचा लेखी करार मागा. काय शिकवणार, कोण शिकवणार, रोज किती तास, किती पैसे, कोणत्या तारखेला आणि इजा झाली तर कोण बघणार, एवढेच त्यात असावे. १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ म्हणून घेणाऱ्या मालकाला असा करार करावाच लागतो. इंटर्नच्या बाबतीत तो करायला कायदा सांगत नाही, पण मागायला मनाईही करत नाही. ज्या मालकाला हे पान लिहायला जड जाते, त्याच्याकडे पोराला पाठवू नका. क्रेडिट दुसरीकडून मिळेल.